प्रतिक्रियेला उत्तर: गूगल डॉक्स कॅनव्हासवर गेलं, म्हणून फ्लॅशवाले बरोबर होते का?

नमस्कार. ‘ब्राउझरमधला एडिटर’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर खाली चार ओळींत उरकणार होतो, पण लिहायला बसलो आणि लांबलं, म्हणून वेगळं टाकतोय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं, “प्लगइनवर एडिटर बांधणं म्हणजे दुसऱ्याच्या जागेत घर बांधणं.” (प्लगइन म्हणजे फ्लॅशसारखा, ब्राउझरला बाहेरून जोडायचा प्रोग्राम.) तुमचं म्हणणं, ही निव्वळ पश्चातबुद्धी आहे. २००७ साली फ्लेक्समध्ये, म्हणजे फ्लॅशसाठी प्रोग्राम लिहायच्या साधनात, लिहिलेला बझवर्ड हा एडिटर जे करत होता ते एचटीएमएलवाल्यांना स्वप्नातही जमत नव्हतं. पुढे गूगल डॉक्सनेही कंटेंटएडिटेबल (पानावरचा मजकूर थेट बदलू देणारी ब्राउझरची सोय) सोडलं आणि आता तर ते कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या कोऱ्या चित्रफलकावर, रंगवतं. म्हणजे सगळं स्वतः रंगवायची फ्लॅशवाल्यांची कल्पनाच शेवटी जिंकली. आणि तिसरं, जरा झोंबणारं: “मराठीचं कारण पुढे करणाऱ्यांनी स्वतः कधी एडिटर लिहिलेला नसतो.”

पहिला मुद्दा मान्य. बझवर्ड मी तेव्हा वापरला आहे. व्हर्च्युअल युबिक्विटी या छोट्या कंपनीने तो केला आणि २००७ च्या ऑक्टोबरात अडोबीने ती कंपनी घेतल्याचं जाहीर केलं. पडद्यावर खरं पान दिसायचं, समास दिसायचे, चित्राला वळसा घालून मजकूर वाहायचा. गूगलने २००६ साली घेतलेलं रायटली, ज्याचं पुढे गूगल डॉक्स झालं, ते त्याच्यासमोर गरीब वाटायचं. ‘दुसऱ्याच्या जागेत घर’ लिहिताना मी हे गाळलं, ते चुकलंच.

पण रायटली गरीब का होतं? कंटेंटएडिटेबल ही सोय इंटरनेट एक्स्प्लोरर ५.५ मध्ये, २००० साली आली. बाकीच्या ब्राउझरांनी ती बघून बघून आपापल्या परीने उतरवली, आणि नेमकं काय व्हायला हवं हे कित्येक वर्षं कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. एंटर दाबला की एक्स्प्लोरर नवा परिच्छेद करायचा, फायरफॉक्स नुसता बीआर (ओळ मोडणारा टॅग) टाकायचा, सफारी डिव्ह (चौकटीचा टॅग) घालायचा. ठळक करायला सांगितलं तर एकात स्ट्राँग, दुसऱ्यात बी, तिसऱ्यात स्पॅनला चिकटवलेली स्टाइल. एकाने सफारीत लिहिलेलं दुसऱ्याने एक्स्प्लोररमध्ये उघडून दुरुस्त केलं की आतल्या टॅगांची अशी खिचडी व्हायची की अन्डू कशाचं करायचं तेच कळायचं नाही. आमच्याकडे एका माणसाचं कामच ते होतं, रोज सकाळी ही खिचडी निवडणं.

आता तिसरा मुद्दा, कारण दुसऱ्याचं उत्तर त्यातच आहे. एडिटर मी लिहिला आहे. २००८ साली, फ्लेक्समध्येच. कोणासाठी ते सांगत नाही. मराठी मजकुराचं काम होतं आणि “बझवर्डसारखं हवं” अशी मागणी होती. मी त्यावर साडेतीन महिने घालवले.

‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. साठवताना त्यात दहा चिन्हं असतात: व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दीर्घ वेलांटी. पहिली वेलांटी साठवली जाते ‘व’च्या नंतर, पण काढायची त्याच्या आधी. ‘र’ आणि हलन्त हे ‘थ’च्या आधी येतात, पण रफार म्हणून चढतात थेट दीर्घ वेलांटीच्या डोक्यावर. ही जुळवाजुळव करणारं यंत्र ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असतं. (विंडोज एक्सपीत तेही आपसूक चालू नसायचं. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करायची आणि सीडी घालायची. ती सीडी शोधण्यात गेलेले तास कोणी मोजले नसतील.) फ्लॅश प्लेयर ९ मध्ये फॉन्ट आत भरला की ही जुळवाजुळव होतच नसे. वेलांटी ‘व’च्या मागे पडून ‘द’वर कलंडायची, ‘द्य’चा पाय मोडायचा आणि रफार खाली उतरून साधा ‘र्’ व्हायचा. सिस्टिमचा फॉन्ट वापरला तर अक्षरं बरी दिसत, पण प्रत्येक मशीनवर वेगळी. म्हणजे ज्यासाठी फ्लॅश घ्यायचं, ते ‘सगळीकडे तेच पान’, तेच हातचं जायचं. नवं टेक्स्ट इंजिन फ्लॅश प्लेयर १० मध्ये आलं, २००८ च्या ऑक्टोबरात. तोवर आमचं काम गुंडाळलं गेलं होतं. सिल्व्हरलाइट या मायक्रोसॉफ्टच्या प्लगइनमध्ये तर रिचटेक्स्टबॉक्स हा तयार घटकच आवृत्ती ४ मध्ये, २०१० साली आला. त्याची वाट पाहत कोण बसणार?

अक्षरं काढणं हे एडिटरचं सगळ्यात दिसणारं काम आहे, सगळ्यात अवघड नव्हे. अवघड आहे ती कळफलक आणि दस्तऐवज यांच्यामधली जागा. कोणी इनस्क्रिप्टवर टंकतो, कोणी ‘namaskar’ लिहून ‘नमस्कार’ उमटवतो, कोणी फोनवर बोट फिरवतो. या प्रत्येकात मजकूर काही क्षण अर्धवट, कच्चा असतो आणि मग पक्का होतो. अँड्रॉइडवर तर अनेकदा प्रत्येक कळीचा क्रमांक २२९ असाच येतो, म्हणजे “कोणती कळ ते विचारू नका, मजकूर मी देईन तेव्हा घ्या.” कच्च्या मजकुराला मध्येच हात लावलात की अक्षरं दुप्पट होतात नाहीतर गायब. प्लगइनच्या चौकटीत हे सगळं प्लगइनवाल्याने तुमच्यापर्यंत पोचवायचं असतं. त्याने पोचवलं नाही तर तुम्ही कितीही हुशार असा, कोरडेच.

म्हणून गूगल डॉक्सच्या उदाहरणाकडे जरा जवळून पाहू. २०१० साली त्यांनी नवा एडिटर आणला आणि कंटेंटएडिटेबलवर मजकूर मांडणं सोडलं, हे खरं. ओळी कुठे मोडायच्या ते जावास्क्रिप्ट ठरवू लागलं; कर्सर म्हणजे दोन पिक्सेल रुंदीचा एक डिव्ह, तोही हाताने सरकवलेला. २०२१ पासून डिव्हही गेले आणि कॅनव्हास आला. पण डेव्हलपर टूल्स उघडून पाहा. पानात एक न दिसणारी आयफ्रेम, म्हणजे पानातलं छोटं पान, आहे आणि तिच्या आत कंटेंटएडिटेबल! तुमची प्रत्येक कळ आधी तिथे पडते, कच्चं-पक्कं तिथे होतं, आणि मग मजकूर कॅनव्हासकडे जातो. कॅनव्हासवरची जोडाक्षरंही ब्राउझरच जुळवतो. रंगवणं गूगलने स्वतःकडे घेतलं, दस्तऐवज स्वतःकडे घेतला, पण कळफलकाचं दार ब्राउझरकडेच ठेवलं. याला फ्लॅशचा विजय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कॅनव्हास फुकट मिळत नाही हेही आहेच. मोझिलाने २००९ साली बेस्पिन नावाचा कोड-एडिटर कॅनव्हासवर केला आणि पुढे कॅनव्हास सोडून तो डॉमवर, म्हणजे पानाच्या टॅगांच्या रचनेवर, चालणाऱ्या एस (Ace) या एडिटरमध्ये मिसळला. डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाच्या स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला) कॅनव्हासवर नुसतं चित्र मिळतं. मजकूर वेगळा पुरवावा लागतो. गूगलला ते परवडतं. तीन जणांच्या टीमला विचारा.

प्रोझमिररसारखे एडिटर मला म्हणूनच पटतात. तिथे दस्तऐवज वेगळ्या रचनेत असतो आणि कंटेंटएडिटेबल फक्त समोरची खिडकी. ब्राउझरने खिडकीत काही उद्योग केला तर तो वाचून घ्यायचा, नियमात बसवायचा आणि खिडकी पुन्हा नीट करायची. डिव्ह आला काय नि बीआर आला काय, काही बिघडत नाही.

एवढं करूनही मराठी माणूस मराठीतच ठेच खातो, त्याची एक गोष्ट, आणि यात दोष सर्वस्वी माझा. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी वेब-एडिटर केला. वर्डमधून पेस्ट केलेल्या मजकुरातला कचरा काढायला मी नेटवर सगळीकडे मिळणारी एक ओळ उचलली: युनिकोडमधली यू+२००बी ते यू+२००डी ही शून्य रुंदीची चिन्हं उडवा. आठवड्याने मुद्रितशोधक बाईंचा फोन. “अहो, लग्नात आचाऱ्यास आगाऊ दिले, असं लेखकाने लिहिलंय, आणि इथे आचार्यास दिसतंय. पैसे नक्की कोणाला गेले?” सगळीकडे तेच. दुसऱ्याचं दुसर्या, पायऱ्यांचं पायर्या, सह्याद्रीच्या दऱ्यांचं दर्या. २००डी हे ते जोडचिन्ह, जे ‘र’ आणि हलन्त यांच्यामागे बसून रफाराऐवजी ‘ऱ्य’ घडवतं. डोळ्यांना दिसत नाही म्हणून मी कचरा समजलो. चूक सापडायला दोन दिवस लागले, कारण निम्मे लेख ठणठणीत होते! त्या लेखकांचा कळफलक खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरत होता आणि त्यात २००डी लागतच नाही. दिसायला दोन्ही ‘ऱ्य’ एकच, पोटात वेगळे.

हे प्लगइनमध्येही झालं असतं, कॅनव्हासवरही. त्यामुळे ‘मराठीचं कारण पुढे करणं’ हा आरोप मी अर्धा स्वीकारतो. सगळं खापर प्लॅटफॉर्मवर फोडता येत नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूची सांगतो, कारण ती तुम्ही लिहिली नाहीत. क्रोममध्ये २०२४ साली एडिटकॉन्टेक्स्ट ही सोय आली. त्यात लपवलेल्या आयफ्रेमशिवाय थेट कॅनव्हासला कच्चा-पक्का मजकूर मिळतो. स्वतः रंगवणाऱ्यांना जे २००७ साली हवं होतं ते हे. पण तेव्हाचं घर राहिलं नाही. फ्लॅशला अडोबीने २०२० च्या ३१ डिसेंबरला मूठमाती दिली, सिल्व्हरलाइटचा आधार २०२१ च्या ऑक्टोबरात सुटला, आणि आमच्या त्या साडेतीन महिन्यांच्या कामाची एसडब्ल्यूएफ (फ्लॅशची) फाइल माझ्याकडे अजून आहे, नुसती.

मूळ लेखात बझवर्डवर एक परिच्छेद घातला आहे आणि ‘दुसऱ्याच्या जागेत घर’ हे वाक्य ठेवलं आहे. शेवटी तुम्ही ज्या नव्या कॅनव्हास-एडिटरची एवढी तारीफ केली आहे, त्यात वर्डमधून ‘आचाऱ्यास’ पेस्ट करून बघा, दोन्ही प्रकारे टंकून. काय उमटतं ते इथेच कळवा.