तीन दिवसांचं ओस्लो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ओस्लोत घालवलेल्या तीन दिवसांवरच्या माझ्या लेखाला इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही अकरा वर्षं नॉर्वेत राहताय, म्हणून तुमचं म्हणणं दोनदा वाचलं आणि मगच लिहायला बसले. तुमचे आक्षेप तीन. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याचं 'मूळ "स्क्रीम" पाहिलं' हे मी चुकीचं लिहिलं. शिल्पकार गुस्ताव विगेलानच्या शिल्पांची दोन ओळींत बोळवण केली. आणि तीन दिवस, तेही जूनच्या लख्ख उजेडात, येऊन गेलेल्या माणसाला मुंक कळत नाही. त्यासाठी तिथला एक तरी हिवाळा काढावा लागतो.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. १८९३ चं रंगवलेलं चित्र राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मी 'मूळ' म्हटलं ते मुंक म्युझियममधलं, १९१० च्या सुमाराचं. तिथे रंगीत चित्र, क्रेयॉनचं रेखाटन आणि शिळाछाप असे तीन अवतार आहेत. कागद-पुठ्ठ्याला उजेड सोसत नाही, म्हणून ते आलटूनपालटून एकेकच दाखवतात. लेखात दुरुस्ती केली आहे.

विगेलानबद्दलही तुमचं खरं आहे. १९२१ मध्ये ओस्लो नगरपालिकेने या माणसाला राहायला-काम करायला जागा द्यायची आणि त्याने आपलं सगळं काम शहराला द्यायचं, असा करार झाला, त्यातून त्याच्या शिल्पांची ही बाग उभी राहिली. त्यातला मोनोलिथ हा उंच शिल्पस्तंभ एकाच दगडातला, १२१ माणसं एकमेकांना बिलगून वर चढणारी. तिघा पाथरवटांनी तो १९२९ पासून चौदा वर्षं घडवला. त्यांच्याविषयी मी अवाक्षर काढलं नाही, ही चूकच. मी तिथे तासभरच होते आणि त्यातला बराच वेळ पुलावरच्या रागावलेल्या पोराच्या पुतळ्याजवळ गेला. लोकांनी धरून धरून त्याचा हात पितळेसारखा चकचकीत झालाय, बाकी अंग काळपट.

पण तिसरा आक्षेप मला पटत नाही.

हिवाळ्याचं मी काहीच सांगू शकत नाही, ते तुम्हीच सांगा. मात्र माझे दुसऱ्या दिवशीचे दोन तास गेले ते 'आजारी मूल' या चित्रासमोर. १८८५-८६ मधलं. मुंकची बहीण सोफी १८७७ मध्ये क्षयाने गेली, पंधरा वर्षांची होती. त्याआधी आई गेली, त्याच रोगाने. चित्रात उशीला टेकलेली लाल केसांची मुलगी आहे आणि शेजारी मान खाली घातलेली बाई. मुलगी तिच्या दिशेने पाहतेय, बाईला वर बघवत नाहीये. जवळ गेल्यावर दिसतं की रंग सगळीकडे खरवडलेला आहे. लावला, ओरबाडला, पुन्हा लावला. दोघींचे हात जिथे एकत्र येतात तिथे बोटं अशी दिसतच नाहीत, नुसता रंगाचा एक डाग. १८८६ मध्ये प्रदर्शनात लोकांनी या चित्राची टर उडवली, अर्धवट आहे म्हणाले. मुंकने मात्र पुढची चाळीस वर्षं हाच विषय पुन्हा पुन्हा रंगवला.

माझ्या मावशीच्या शेवटच्या दोन महिन्यांत मी तिच्या उशाशी बसायचे. तिचा हात हातात असायचा, पण आज आठवायला गेलं तर तिची बोटं आठवत नाहीत, फक्त हाताची ऊब आठवते. त्या डागापाशी मी उभी राहिले आणि हलले नाही. हे कळायला मला नॉर्वेचा हिवाळा लागला नाही. तुम्हाला त्याच चित्रात आणखी काही दिसत असेल, नक्कीच दिसत असेल, पण मला दिसलं ते उथळ नव्हतं.

आणि मुंक म्हणजे फक्त काळोख, हेही मला खटकतं. ओस्लो विद्यापीठाच्या सभागृहातलं त्याचं 'सूर्य' हे चित्र आठवा. समुद्रावर उगवलेला, सगळी भिंत किरणांनी व्यापणारा. तोही त्याच माणसाने रंगवला ना? मी गेले तेव्हा सभागृह बंद होतं, बाहेरूनच परतले. तुम्ही तो भर जानेवारीत, बाहेर दुपारीच अंधार पडत असताना पाहिला असेल, तर तेवढं जरूर लिहा. मला ते खरंच वाचायचंय.