कांद्याचं मूळ आणि मी, दोघंही ऑनलाइन

सासूबाईंनी माझा प्रयोग चिरून पोह्यांवर घातला तो ट्रेनिंगचा तिसरा दिवस होता. त्यांची चूक नव्हती हो. स्वयंपाकघराच्या खिडकीत पाच ग्लासांच्या तोंडावर पाच कांदे बसवलेले, बुडं पाण्याला जेमतेम टेकतील असे, आणि खाली पांढरी मुळं सुटलेली, हे बघून कुठलीही बाई म्हणेल की सून कांदे सडवतेय. त्यात आम्ही इंदूरचे, म्हणजे सकाळी पोहे, पोह्यांवर शेव, जीरावण मसाला आणि कच्चा कांदा, आणि टोपलीतले कांदे नेमके संपलेले. मी अंघोळ करून आले तर ग्लासात नुसतं पाणी. पाचातले तीन गेले होते.

"आई, त्यांची मुळं हवी होती मला!"

"मुळं ठेवलीयेत की, ती बघ ओट्यावर. मुळं कुठं पोह्यात घालतात?"

मुळं खरंच ओट्यावर होती, पण पार सुकलेली, आणि सुकलेल्या मुळात पेशी विभाजन दाखवायला मी काही जादूगार नाही.

तर मी वनस्पतीशास्त्र शिकवते, रामबागेतून कॉलेजला जाते येते, आणि सव्वीस वर्षं हेच चाललंय. दरवर्षी मुलांना कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून मायक्रोस्कोपखाली दाखवते, त्यात गुणसूत्रं दिसतात, मुलं म्हणतात दिसली, मी म्हणते छान, जर्नल लिहा. बरं चाललं होतं. मग प्रमोशनच्या फाइलीत एक सर्टिफिकेट कमी पडतंय असं निघालं आणि मी ऑनलाइन आणि हायब्रिड अध्यापनाच्या एफडीपीला नाव घातलं. एफडीपी म्हणजे फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्राम, म्हणजे आमचा विकास. एक आठवडा, रोज दहा ते पाच, घरबसल्या. घरबसल्या हा शब्द ज्यानं कोणी काढला त्याच्या घरी सासू, स्वयंपाक आणि डोअरबेल नसणार.

विषय तसा आजचा नाही. 2021 साली यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, ब्लेंडेड लर्निंगवर एक कन्सेप्ट नोट काढली होती, त्यात होतं की कोर्सचा 40 टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता येईल, बाकीचा 60 वर्गात. त्यावर आमच्या स्टाफरूममधे मोठी चर्चा झाली की कुठले 40, आणि शेवटी सिलॅबसमधलं जे दरवर्षी शिकवायचं राहूनच जातं ते ऑनलाइन टाकावं असं एकमतानं ठरलं. एरवी आमच्याकडे कशावर एकमत होत नाही, चहात आलं घालावं का यावरसुद्धा नाही.

पहिल्या दिवशीचे वक्ते फार विद्वान होते. त्यांनी सांगितलं की 2014 मधे एडएक्स या ऑनलाइन कोर्सवाल्या साइटच्या जवळपास 69 लाख व्हिडिओ सेशन्सचा अभ्यास झाला, आणि त्यात निघालं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी मुलं साधारण सहा मिनिटांच्या वर टिकत नाहीत, म्हणून व्हिडिओ सहा मिनिटांपेक्षा छोटा करा. अगदी पटण्यासारखी गोष्ट. ही गोष्ट त्यांनी एक तास चाळीस मिनिटं सांगितली. मी सातव्या मिनिटाला कॅमेरा बंद करून मटार सोलायला घेतले. हिवाळ्यात मटार स्वस्त असतात आणि दोन किलो सोलायला कुणीतरी बसावंच लागतं. कानात इयरफोन होता, म्हणजे ऐकत होते, असं मी स्वतःला सांगत होते, आणि साधारण अर्धी परात भरल्यावर लक्षात आलं की आपली मुलं आपल्याला हेच सांगतात. "मॅम, सुन रहे थे, नेटवर्क का इश्यू था." लॉकडाऊनमधे एका मुलाला मी या वाक्यावरून दहा मिनिटं झापलं होतं. आता तो कुठल्याशा बँकेत आहे म्हणे, भेटला तर सॉरी म्हणणार आहे.

हजेरीची भानगड वेगळीच. दिवसातून तीनदा चॅटमधे गुगल फॉर्मची लिंक यायची, कधी येईल ते सांगणार नाहीत, आणि पाच मिनिटांत भरली नाही तर गैरहजर. त्यामुळे चौऱ्याऐंशी प्राध्यापक, त्यातले निम्मे पीएचडी, व्याख्यान सोडून चॅटकडे डोळे लावून बसलेले. आमचे केमिस्ट्रीचे सर तर दर अर्ध्या तासानं फोन करायचे, "मॅडम, लिंक आली का?" म्हणजे स्टेशनवर माणूस विचारतो ना, गाडी आली का, तसं. मी म्हणायची नाही आली, आणि ते म्हणायचे बरं मग मी जरा भाजी घेऊन येतो.

दुसऱ्या दिवशी लर्निंग आउटकम. तिथं कळलं की सव्वीस वर्षं मी चुकीचं लिहितेय. 'विद्यार्थ्याला पेशी विभाजन समजेल' असं लिहायचं नाही. समजेल हे मोजता येत नाही. शिकण्याच्या पायऱ्या लावणारी ब्लूमची ती 1956 ची उतरंड, तिच्यावरून क्रियापदं निवडायची, आणि अशी की कृती डोळ्यांना दिसली पाहिजे: ओळखेल, मोजेल, आकृती काढेल, तुलना करेल. खरं सांगू, हे मला पटलं. पण सवय फार लवकर लागते. रात्री नवरा म्हणाला, "तू मला कधी समजूनच घेत नाहीस," तर माझ्या तोंडून निघून गेलं, "हे मोजता येत नाही, मोजता येईल असं काहीतरी सांग." त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "बरं, दोन फुलके अजून वाढ."

मग आली सोशल प्रेझेन्स. ऑनलाइन वर्गात म्हणे तीन प्रकारची उपस्थिती लागते, शिकवण्याची, विचारांची आणि माणसांची, 2000 साली कॅनडातल्या काही अभ्यासकांनी तशी मांडणी केलीये. म्हणून आम्हाला चार-चारच्या ब्रेकआउट रूममधे सोडलं, एकमेकांशी आपुलकी वाढवायला. आमच्या रूममधे एक सर, त्यांचा नुसता पंखा दिसत होता. एक मॅडम, त्या म्यूटवर होत्या आणि बोलत होत्या. एक काळा चौकोन. म्हणलं आपणच सुरुवात करावी, आणि मी अनम्यूट केलं त्याच क्षणी खाली कचरागाडी आली. गाणं लावून, नेहमीप्रमाणे, पूर्ण आवाजात.

आता 2017 पासून आम्ही देशात स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिले आहोत, त्याचं गाणं गल्लीगल्लीतून वाजतं, आणि इंदूरच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, वाटतं ते एवढंच की ओला कचरा वेगळा केलाय का. पण इतरांना वाटतं. काळा चौकोन एकदम बोलला, "इंदौर से हो क्या आप?" पंखेवाले सर खाली आले, म्हणजे त्यांचा चेहरा आला. म्यूटवाल्या मॅडम अनम्यूट झाल्या. एकाला सराफ्यात रात्री किती वाजेपर्यंत खायला मिळतं ते हवं होतं, दुसऱ्याच्या बहिणीचं सासर छप्पन दुकान या खाऊगल्लीजवळ. पंधरा मिनिटांत जी आपुलकी वाढली ती कुठल्या थिअरीनं वाढली नसती, ती कचरागाडीनं वाढवली, आणि चर्चेचा विषय काय होता ते कुणालाच आठवेना तेव्हा आम्हाला परत मुख्य हॉलमधे ओढून घेतलं.

शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक. प्रत्येकानं पंधरा मिनिटं हायब्रिड शिकवून दाखवायचं, म्हणजे समोर खरे विद्यार्थी आणि स्क्रीनवर परीक्षक, दोघांना एकाच वेळी. हायब्रिड म्हणजे काय हे ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, लग्नात पंगत आणि बुफे एकाच हॉलमधे आणि वाढपी एकटा. पंगतीकडे वरण नेलं की बुफेवाले प्लेट वाजवतात, तिकडे वळलं की पंगतीतले आजोबा मीठ मागतात.

माझ्याकडे उरलेले दोन कांदे होते, ते मी आदल्या दिवशीच कॉलेजच्या लॅबमधे हलवले, सासूबाईंपासून सुरक्षित. मुळांची टोकं सकाळी सकाळीच कापायची, तेव्हा विभाजन जोरात असतं. तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसेटिक ॲसिड, त्यात रात्रभर. मग थोडं आम्ल घालून ऊब द्यायची, ॲसिटोकार्मिनचा लाल थेंब, कव्हरस्लिप, वर टिपकागद आणि अंगठ्यानं दाबायचं. सगळं कसब त्या अंगठ्यात आहे. कमी दाबलं तर पेशींचा गठ्ठा, जास्त दाबलं तर काच फुटते. हे कुठल्याही व्हिडिओत शिकवता येत नाही असं माझं ठाम मत आहे आणि मी ते फीडबॅक फॉर्ममधे लिहिलं, पण तिथं पन्नास शब्दांचीच जागा होती.

प्रश्न होता, परीक्षकांना दाखवायचं कसं. मायक्रोस्कोपला लावायचा कॅमेरा आमच्याकडे नाही, मागणीपत्र गेलेलं आहे, दरवर्षी जातं. मग खोकल्याच्या औषधाचं बूच कापून आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, बसवलं, त्यावर माझा फोन, आणि माझे केसांचे तीन रबरबँड. तरी फोन घसरायचा म्हणून लॅब असिस्टंट दोन्ही हातांनी धरून उभे. त्यांनी श्वास घेतला की पेशी वर जायची, सोडला की खाली यायची. मी मीटिंगला फोनवरूनच जॉइन झालेली, कारण माझ्या लॅपटॉपनं सकाळी अपडेट काढलं होतं.

आणि तेव्हा लक्षात आलं की आयपीस एकच आहे, आणि त्यावर फोन आहे, म्हणजे समोर बसलेल्या सात मुलांना काहीच दिसत नाहीये. ऑनलाइनवाल्यांना दिसतंय, मायक्रोस्कोपपासून दोन हातांवर बसलेल्यांना नाही. मुलांनी मग काय केलं, आपापले मोबाइल काढले आणि ती पण मीटिंगमधे आली. सातही जणं, पहिल्या बाकावरून, स्वतःचा डेटा खर्चून. एकदम आठ फोनांमधून माझाच आवाज माझ्या अंगावर आला, "कांदा-कांदा-कांदा", आणि परीक्षक म्हणाले, "मॅडम, इको आ रहा है." मी ओरडले, "सब म्यूट करो!" तेही आठ वेळा ऐकू आलं.

मग सगळे म्यूट झाले आणि वर्गात अशी शांतता पसरली की बस. सात मुलं माना खाली घालून फोनमधे बघतायत, असिस्टंट श्वास रोखून, आणि मी एका कोपऱ्यातून खरंखुरं शिकवतेय. विभाजनातली मेटाफेजची पायरी दिसत होती, गुणसूत्रं मधोमध रांगेत. मी विचारलं, किती आहेत? कुणी मान वर केली नाही. पण चॅटमधे एक ओळ आली, एका मुलीची, खरगोनची आहे, दोन वर्षांत तिनं वर्गात तोंड उघडलेलं मला आठवत नाही, आणि बसली होती माझ्यापासून चार फुटांवर: "मॅम, पंद्रह ही दिख रहे हैं. सोलह होने चाहिए ना?"

कांद्यात सोळाच असतात. मी बघितलं, मोजलं, परत मोजलं, तेवढ्यात असिस्टंटना श्वास घ्यावा लागला आणि पेशी छताला गेली. परीक्षक म्हणाले वेळ संपला.

लगेच समारोप. आभार, पाठीराख्यांचे आभार, तांत्रिक टीमचे आभार, आणि मग घोषणा, "सब लोग कॅमेरा ऑन कर लीजिए, ग्रुप फोटो." आठवडाभर काळे राहिलेले चौकोन भराभरा उजळले. वरून कोट, खालून काय ते देवाला ठाऊक. केमिस्ट्रीचे सर भाजीच्या पिशवीसकट आले. मी आपली केस सारखे करून, हसून, फोनकडे बघत उभी. क्लिक झालं, दोनदा झालं.

चार दिवसांनी फोटो आला. सासूबाईंनी चष्मा लावून सगळे चौकोन पालथे घातले, "अगं, ह्यात तू कुठंयस?" नवऱ्यानं बोट ठेवलं. तिसऱ्या ओळीत खाली माझं नाव, पदवीसकट, आणि वर गोल, लाल, कांद्याची पेशी.

"चांगली आलीयेस," तो म्हणाला.

मी फोटो मोठा करून मोजलं. एकावर एक चढलेली दोन होती, तीच गडबड. सोळाच आहेत. त्या मुलीला लगेच मेसेज टाकला, तिचा अंगठा आला.