मॅग्ना कार्टा दाखवून बेलिफ परत जात नाही

मार्चमध्ये नव्या वर्षाचं कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या पालिकेच्या घरपट्टीचं, बिल दाराच्या फटीतून आत पडलं की इंग्लंडमधल्या मराठी व्हॉट्सअॅप गटांवर एक फॉरवर्ड पुन्हा फिरू लागतो. यंदा मला तो तिघांनी पाठवला. एकीने खाली विचारलं होतं, "काका, हे खरं असेल तर मी डायरेक्ट डेबिट बंद करू का?" नको करूस, बाई. का ते लिहितो.

फॉरवर्ड थोडक्यात असा: कौन्सिल टॅक्स हा करार आहे आणि तुम्ही त्यावर सही केलेली नाही, म्हणून तो देणं लागत नाही. मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे इंग्लंडच्या १२१५ च्या सनदेच्या, ६१ व्या कलमाने नकार देता येतो. कोर्टाच्या ऑर्डरवर न्यायाधीशाची सही नसते, म्हणजे ती रद्दी. दारावर 'प्रवेशाची परवानगी काढून घेतली आहे' अशी नोटीस चिकटवा, थकबाकी वसूल करायला येणारा बेलिफ आल्या पावली परत जाईल. सहा वर्षं कळ काढा, सगळं माफ. भारतात परतलात तर त्याच दिवशी माफ.

आधी एक कबुली. याला गिऱ्हाईक मिळतं, कारण आपल्या लोकांना हा करच अनोळखी असतो. पुण्यात किंवा नाशकात भाड्याने राहणाऱ्याला घरपट्टीचा कागद सहसा दिसतही नाही, तो घरमालकाचा प्रश्न. इथे साधारणपणे घरात जो राहतो तो कर देतो, मग तो भाडेकरू का असेना. गॅस, वीज, इंटरनेट सगळं लावून झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी कळतं की अजून एक बिल होतं. शिवाय 'बेलिफ' या शब्दाने घोळ होतो. आपल्याकडचा बेलिफ दिवाणी कोर्टाचा नोकर. इथे कौन्सिल टॅक्ससाठी येणारा बहुतेक वेळा खासगी कंपनीचा माणूस असतो. २०१४ पासून कायद्यात त्याला एन्फोर्समेंट एजंट म्हणतात. त्याच्याकडे कौंटी कोर्टाचं प्रमाणपत्र असावं लागतं आणि मागितलं की ओळख दाखवावी लागते. (हे सगळं इंग्लंडपुरतं. वेल्समध्ये बरंचसं असंच आहे, स्कॉटलंडचा कायदा वेगळा.)

आता कराराचं. हा कर संसदेने १९९२ च्या लोकल गव्हर्न्मेंट फायनान्स अॅक्टने बसवला आणि १ एप्रिल १९९३ पासून तो सुरू झाला. करावर सही कोण घेतं? पगारातून इन्कम टॅक्स कापला जातो, त्यावर तरी कधी सही केली होती?

मॅग्ना कार्टाची तर गंमतच आहे. जून १२१५ मध्ये रनीमीडच्या कुरणावर राजा जॉनने ती मान्य केली. ६१ वं कलम होतं पंचवीस सरदारांसाठी: राजाने शब्द मोडला तर त्यांनी त्याचे किल्ले आणि जमिनी ताब्यात घ्याव्यात. तुमचा-आमचा त्यात उल्लेख नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोपने सगळी सनदच रद्दबातल ठरवली आणि १२१६ मध्ये ती पुन्हा काढली तेव्हा हे कलम वगळलं होतं. आठशे वर्षांपूर्वी गाळलेलं कलम दाखवून २०० पौंडांचा हप्ता चुकवायचा, म्हणजे शिवकालीन सनद दाखवून टोल चुकवण्यातला प्रकार.

सहीच्या मुद्द्यात अर्धसत्य आहे, म्हणून तो जास्त फसवा. कौन्सिल एकेका सुनावणीला शेकडो प्रकरणं एकत्र मॅजिस्ट्रेट कोर्टात नेते आणि बहुतेक लोक हजरच नसतात. तुमच्या नावाचा शिक्का-सहीचा भारदस्त कागद घरी येईलच असं नाही. पण त्यामुळे लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे थकबाकी वसूल करायला परवानगी देणारा कोर्टाचा आदेश, खोटी ठरत नाही. कर देय आहे आणि भरलेला नाही एवढंच कोर्टाला पाहायचं असतं. 'पैसे नव्हते' हा तिथे बचाव नाही. 'मी भरले आहेत, ही पावती' हा बचाव आहे; 'मी त्या घरात राहतच नव्हतो', 'मी पूर्णवेळ विद्यार्थी होतो' हे मुद्दे आधी कौन्सिलकडे आणि तिने नाकारले तर व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे मांडायचे असतात. ज्याच्याकडे यातला खरा मुद्दा असतो, तोच फॉरवर्ड वाचून सहीवर वाद घालत बसतो, याचं मला जास्त वाईट वाटतं.

दारावरची नोटीस. गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलाने ती खरंच लावली होती. छान टाइप करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चारी बाजूंनी सेलोटेप. सकाळी सातच्या सुमारास एजंट आला, त्याने ती वाचली असेल-नसेल, बेल वाजवली. दार उघडलं नाही. तो शांतपणे मागे फिरला आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या या पोराच्या जुन्या हॅचबॅकच्या चाकाला पिवळा क्लॅम्प लावून, काचेवर कागद चिकटवून मोकळा झाला. पोरगं वरून पडद्याआडून बघत होतं.

झालं असं की बेलिफ तुमच्या परवानगीवर येतच नाही. त्याला प्रवेशाचा अधिकार २००७ च्या कायद्याने दिलाय, तो कागद चिकटवून काढून घेता येत नाही. पण त्याच कायद्याने त्याला बांधूनही ठेवलंय, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाही. कौन्सिल टॅक्ससाठी पहिल्या भेटीत तो राहत्या घराचं दार तोडू शकत नाही. खिडकीतून येऊ शकत नाही, तुम्हाला ढकलून आत शिरू शकत नाही. सकाळी सहाच्या आधी आणि रात्री नऊनंतर सहसा येऊ शकत नाही. घरात फक्त सोळा वर्षांखालचं मूल असेल तर आत जाऊ शकत नाही. फ्रिज, शेगडी, वॉशिंग मशीन, अंथरूण-पांघरूण अशा गरजेच्या वस्तूंना हात लावू शकत नाही. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू नेऊ शकत नाही, म्हणून फ्लॅटमेटच्या टीव्हीची पावती शोधून ठेवावी. पण कडी न लावलेलं दार उघडून तो आत आला तर ते चालतं, आणि बाहेर उभी असलेली तुमची गाडी त्याला नेता येते. क्लॅम्प लावल्यावर किमान दोन तास ती जागेवर ठेवावी लागते, एवढाच काय तो दिलासा.

आणि एक सही खरोखर महागात पडते, ती मात्र फॉरवर्ड लिहिणाऱ्याला माहीतच नाही. एजंटला चहा विचारून आत घेतलं, त्याने टीव्ही-लॅपटॉपची यादी केली आणि तुम्ही 'कंट्रोल्ड गुड्स अॅग्रीमेंट'वर सही केली, की वस्तू घरातच राहतात पण त्याच्या ताब्यात गेलेल्या असतात. ठरलेला हप्ता चुकवलात, तर नोटीस देऊन तो परत येतो, आणि या वेळी त्याला जबरदस्तीने आत शिरता येतं. म्हणून बोलायचं ते दाराबाहेर, लेटरबॉक्समधून किंवा फोनवर.

खरा पैसा मात्र दारात नाही, त्याआधीच्या पाकिटांत जातो. हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं. सात दिवसांत भरलं तर गोष्ट तिथेच संपते. नाही भरलं, तर आणखी सात दिवसांनी वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते. मग समन्स, कोर्टखर्च, लायबिलिटी ऑर्डर. प्रकरण बेलिफकडे गेलं की २०१४ च्या फीच्या नियमांत ७५ पौंड लागले, नुसते फाइल उघडल्याचे. त्यानंतर किमान सात पूर्ण दिवसांची नोटीस. या दिवसांत फोन करून हप्ते ठरवले तर खर्च ७५ वरच थांबतो. नाही केला आणि माणूस दाराशी आला, की आणखी २३५ पौंड. थकबाकी १५०० च्या वर असेल तर वरच्या रकमेवर साडेसात टक्के वेगळे. दार उघडा, न उघडा, ते लागतातच. हात खरोखरच तंग असेल तर कर्जसल्लागारामार्फत 'ब्रीदिंग स्पेस' मागता येते. मे २०२१ पासून त्यात साठ दिवस वसुली थांबते.

सहा वर्षांचं. कौन्सिलला बिल दिल्यापासून सहा वर्षांत कोर्टात जावं लागतं, हे खरं. एकदा लायबिलिटी ऑर्डर निघाली की बेलिफ पाठवायला ती मुदत राहत नाही. आणि बहुतेक कौन्सिलं सहा वर्षं कशाला, वर्षाच्या आतच कोर्टात जातात.

भारतात परतलात तर माफ? इंग्लंडचा बेलिफ कोथरूडमध्ये येणार नाही, कबूल. पण ऑर्डर इथे तशीच राहते, आणि परत आलात तर तीही तुमची वाट बघत असते. जाताना घर सोडल्याची तारीख कौन्सिलला कळवा. वर्षाचा कर दहा हप्त्यांत आगाऊच भरला जातो, त्यामुळे मध्येच निघालेल्या कित्येकांना उलट पैसे परत मिळतात.

राहता राहिला आमच्या गल्लीतला मुलगा. मास्टर्स चालू होतं तोवर त्याला विद्यार्थी म्हणून सूट होती. कोर्स संपला, ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला, सूट गेली, बिल सुरू झालं. हे त्याच्या लक्षातच आलं नाही. पुढची पाकिटं त्याने फॉरवर्डच्या भरवशावर फोडलीच नाहीत. मी त्याच्या स्वयंपाकघरात बसून ती एकेक फोडली. तो एकटा राहतो, म्हणजे पंचवीस टक्के सवलत त्याची हक्काची. ती त्याने मागितली नव्हती, कारण व्हिसावर 'नो पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदत घ्यायची नाही, असं लिहिलेलं. कमी उत्पन्नामुळे मिळणारं कौन्सिल टॅक्स रिडक्शन पब्लिक फंडात मोडतं, ते मागू नये. एकट्याची सवलत त्यात मोडत नाही. फोन केला, कौन्सिलने ती मागच्या तारखेपासून लावली, उरलेल्याचे हप्ते बांधले, क्लॅम्प निघाला. बिल पंचवीस टक्क्यांनी उतरलं. ७५ आणि २३५, मिळून ३१० पौंड, ते मात्र त्याला पूर्ण भरावे लागले.