जुन्या पिकअपच्या एसीत नुसता नवीन गॅस मारून चालत नाही

सध्या एक मेसेज फिरतोय की जुन्या पिकअपचा एसी थंड करत नसेल तर सरळ आर-१३४ए या नवीन एसी गॅसचा कॅन लावा, काम झालं. अर्धवट आहे हे. १९९० च्या आसपासच्या बऱ्याच गाड्यांत आर-१२ हा जुना गॅस असायचा, ओझोनच्या थराला तो घातक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो बंद होत गेला, आणि त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरमध्ये असतं मिनरल ऑइल. ते आर-१३४ए मध्ये मिसळतच नाही, म्हणजे ऑइल फिरून कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नाही आणि तो कोरडा चालून जाम होतो, मग बसा खर्च करत! त्यामुळे आधी उरलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा (हवेत सोडायचा नाही हं), जुनं ऑइल काढून आर-१३४ए मध्ये मिसळणारं एस्टर ऑइल टाकायचं, ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) बदलायचा, ओ-रिंगा (जोडांवरच्या रबरी सील) बघायच्या, मग व्हॅक्यूम पंपाने आतली हवा-ओलावा काढायचा, आणि गॅस मूळ वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्केच भरायचा.

आणि दरवर्षी गॅस "संपतो" म्हणतात तेही खोटं, तो पेट्रोलसारखा जळत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, आधी ते शोधा.