स्टंप माइकचा कान पिरगळून काय होणार?

कसोटी मालिकेत स्टंपजवळचा एखादा संवाद गाजला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच असतं. क्रिकेट हा सभ्य गृहस्थांचा खेळ होता, जुने खेळाडू मैदानात अपशब्द काढत नसत. स्टंप माइक आला आणि शिव्या घराघरात पोचल्या, पोरंही त्यातूनच शिकतात. परदेशात एक शिवी ऐकू गेली की दंड होतो, आपल्याकडे कुणाचा धरबंधच नाही. तेव्हा माइक बंद करा, नाहीतर चार-पाच सेकंद उशिरा दाखवून शिवीवर 'बीप' टाका. शेवटी हात जोडलेले इमोजी आणि 'संस्कार वाचवा'.

पाठवणाऱ्याच्या हेतूबद्दल वाद नाही. आजी, नातवंडं, जावई असे सगळे एका सोफ्यावर मॅच बघत असताना मिडऑनवरून आईबहीण निघाली की जे अवघडलेपण येतं, ते खरंच आहे. पण मेसेजमधलं एकेक विधान हातात घेऊन पाहिलं तर फारसं काही टिकत नाही, आणि शेवटची मागणी तर जे वाचवायचं म्हणतात त्याच्याच मुळावर येणारी आहे.

"जुने खेळाडू शिव्या देत नसत."

देत होते. आपल्याला ऐकू येत नव्हत्या, इतकंच.

फेब्रुवारी 1981, मेलबर्न, भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी. ऑस्ट्रेलियाच्या लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी गावसकरांना 70 धावांवर पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागलाय असं गावसकरांचं ठाम म्हणणं. ते निघाले आणि समोरच्या चेतन चौहाननाही सोबत चालवत नेलं. सीमारेषेपाशी व्यवस्थापक विंग कमांडर दुर्राणी यांनी चौहानना अडवलं म्हणून बरं, नाहीतर सामना सोडून दिल्याची नामुष्की होती. (तोच सामना पुढे आपण जिंकला. कपिलने पाच बळी घेतले, ऑस्ट्रेलिया 83 मध्ये आटोपली.) वर्षानुवर्षं सगळ्यांचा समज असा की हा राग पंचांच्या निर्णयावरचा होता. गावसकरांनी नंतर सांगितलं की डोकं फिरलं ते परतताना ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी 'चालता हो' छापाचं जे सुनावलं त्यामुळे. म्हणजे आपल्या सर्वांत सभ्य समजल्या जाणाऱ्या काळातला सर्वांत गाजलेला प्रसंग घडला शिवराळपणावरूनच, फक्त तो कळायला आपल्याला गावसकरांच्या तोंडाकडे बघत बसावं लागलं.

1987 च्या डिसेंबरात फैसलाबादला इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग आणि पंच शकूर राणा एकमेकांवर बोटं नाचवत जे बोलले, त्यापायी कसोटीचा एक अख्खा दिवस वाया गेला. गॅटिंगने माफीची चिठ्ठी लिहून दिली तेव्हा खेळ पुढे सरकला. हे सगळे आयपीएलच्या संस्कारांत वाढलेले नव्हते.

"स्टंप माइकमुळे शिव्या घरात आल्या."

इथे थोडं तथ्य आहे, पण माइकचा दोष नाही. स्टंपजवळ माइक कित्येक दशकांपासून आहे. बदलला तो नियम. चेंडू 'डेड' झाला की माइकचा आवाज खाली घ्यायचा, असे पूर्वी आयसीसीचे निर्देश होते. 2018 साली डब्लिनच्या बैठकीनंतर ती अट गेली आणि स्टंप माइकचा आवाज कधीही ऐकवायची प्रक्षेपकांना मुभा मिळाली.

काम कसं चालतं ते जरा डोळ्यांसमोर आणा. मैदानाबाहेर उभ्या ओबी व्हॅनमध्ये (प्रक्षेपणाच्या गाडीत) साउंड इंजिनिअर बसलेला असतो. समालोचकांचा आवाज एका फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर), प्रेक्षकांचा दुसऱ्यावर, स्टंप माइक तिसऱ्यावर. गोलंदाज धावत आला की तिसरा वर, म्हणजे बॅटचा टणत्कार घुमतो. विकेटकीपरने चेंडू गोळा केला की तो खाली घ्यायचा की तसाच ठेवायचा, हा निर्णय माणसाचा. शिवाय माइक उपटून टाकायचा म्हणाल तर ते होणारच नाही, कारण अल्ट्राएज त्याच आवाजावर चालतं. कड लागली की नाही हे डीआरएसला, म्हणजे पंचांचा निर्णय तपासणाऱ्या यंत्रणेला, त्याच्याशिवाय कळायचं नाही. म्हणजे चर्चा माइकची नसून फेडरवरच्या बोटाची आहे.

आणि ते बोट फेडर वर का ठेवतं, हेही उघड आहे. लोकांना आवडतं. फेब्रुवारी 2024 मध्ये विशाखापट्टणमला रोहित शर्मा आपल्या क्षेत्ररक्षकांना म्हणाला, "कोई भी गार्डन में घूमेगा ना..." आणि पुढे जे आलं ते इथे छापत नाही, गरजही नाही. अस्सल बोरिवली-आझाद मैदान बोली. त्याच्यावर मीम आले, टी-शर्ट आले. मालिका जिंकल्यावर रोहितने स्वतःच पोरांसोबतचा फोटो टाकून त्यांना 'गार्डन में घूमनेवाले बंदे' म्हटलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'संस्कार वाचवा'वाला मेसेज आणि ही क्लिप एकाच काकांनी पाठवली होती. मध्ये दोन महिन्यांचं अंतर होतं, तेवढी सूट देऊ.

"पोरं यातूनच शिव्या शिकतात."

ज्यांचं पोर शाळेच्या बसने जातं त्यांना उत्तर द्यायची गरज नाही.

"परदेशात लगेच दंड होतो."

कुठल्या परदेशात, कुणाला, हे मेसेज सांगत नाही.

ब्रिटनमध्ये रात्री नऊच्या आधी तिखट भाषेवर निर्बंध आहेत आणि ऑफकॉम नावाची नियामक संस्था त्यावर लक्ष ठेवते. कसोटी तर दिवसा असते. मग काय होतं? शिवी ऐकू गेली की समालोचक "क्षमस्व" म्हणतो आणि पुढच्या चेंडूकडे वळतो. थेट प्रक्षेपणात चूक होऊ शकते, लगेच दिलगिरी व्यक्त झाली का, हे ऑफकॉमही लक्षात घेतं.

अमेरिकेत कायदा खरोखर कडक. 2004 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, मध्यंतराच्या कार्यक्रमात गायिका जॅनेट जॅक्सनची छाती उघडी पडली, त्यानंतर 2006 साली अश्लील प्रक्षेपणाचा कमाल दंड एकदम दहापट, 3,25,000 डॉलरवर नेला. पण हा कायदा फुकट दिसणाऱ्या चॅनलना आणि रेडिओला, केबलला नाही. आणि एप्रिल 2013 मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटांनंतर पाचव्या दिवशी बेसबॉलपटू डेव्हिड ऑर्टीझ फेनवे पार्कच्या मैदानात उभा राहून थेट प्रक्षेपणात "हे आमचं शहर आहे" म्हणाला तेव्हा 'आमचं'च्या मागे त्याने ती जगप्रसिद्ध इंग्रजी शिवी लावली होती. नियामक आयोगाच्या अध्यक्षांनी त्याच दिवशी जाहीर केलं की तो मनापासून बोलला, मी त्याच्या बाजूने आहे. दंडाचं नावसुद्धा निघालं नाही.

शिव्यांवर खरंच दंडुका उगारला तो मोटार शर्यतींचं नियमन करणाऱ्या एफआयएने. सप्टेंबर 2024 मध्ये सिंगापूरच्या पत्रकार परिषदेत फॉर्म्युला वनचा चालक मॅक्स वेर्स्टापेन याने स्वतःच्या गाडीला एक शिवी हासडली, म्हणून त्याला समाजसेवेची शिक्षा. मेक्सिकोत दुसरा चालक लक्लेर याला 10,000 युरोचा दंड, त्यातला निम्मा स्थगित. जानेवारी 2025 मध्ये दरपत्रकच छापलं, फॉर्म्युला वनच्या चालकाला पहिल्याच चुकीला 40,000 युरो. चालकांच्या संघटनेने आधीच खुल्या पत्रात कळवलं होतं की आम्ही मोठी माणसं आहोत, तसं वागवा. मे 2025 मध्ये एफआयएने दंड निम्मा केला, आणि शर्यतीच्या धगीत निघालेला शब्द आणि पत्रकार परिषदेत बसून काढलेला शब्द यांत फरक करायला पंचांना मोकळीक दिली. ताशी तीनशे किलोमीटरवर गाडी घसरताना माणूस 'अरेरे' म्हणत नाही, हे कळायला चार महिने लागले.

आपल्याकडे धरबंध नाही, हेही बरोबर नाही. सेन्सॉर बोर्ड सिनेमापुरतं, पण केबल टीव्ही कायद्याखालची कार्यक्रम संहिता सगळ्या चॅनलना लागू आहे. आणि खेळाडूंसाठी आयसीसीच्या आचारसंहितेत कलम 2.3 आहे, 'ऐकू येईल असे अश्लील शब्द'. शिक्षा ताकिदीपासून सामना मानधनाच्या 50 टक्क्यांपर्यंत. जानेवारी 2020 मध्ये जोहान्सबर्गला बाद होऊन परतताना इंग्लंडच्या बेन स्टोक्सने एका प्रेक्षकाला शिवी दिली, 15 टक्के कापले गेले.

"उशिरा दाखवा, बीप टाका."

खरी गडबड इथे आहे.

आधी व्यवहाराचं. मोबाइलवरची मॅच तशीही मागे धावत असते. शेजारच्या घरातून "गेलाऽऽ" ऐकू येतं आणि आपल्या ॲपवर बुमराह अजून रनअपच्या टोकाशी उभा असतो. त्यात आणखी पाच सेकंद घालायचे, आणि व्हॅनमध्ये बटणावर बसवायचा असा माणूस ज्याला हिंदी, पंजाबी, तमिळ, उर्दू, आफ्रिकान्स आणि मुंबईची बंबय्या यांतल्या सगळ्या शिव्या अर्ध्या सेकंदात ओळखू येतात. असा कुणी असेल तर त्याला राजदूत करा.

पण समजा मिळाला. त्याने काय पकडलं असतं?

22 जानेवारी 2019, डरबन. 204 धावांचा पाठलाग करताना दक्षिण आफ्रिका 5 बाद 80, तिथून व्हॅन डर डुसेन आणि अँडिले फेहलुक्वायोने सामना ओढून नेला. वैतागलेला पाकिस्तानी कर्णधार सरफराज अहमद यष्टीमागून फेहलुक्वायोला उर्दूत म्हणाला, अरे काळ्या, तुझी आई आज कुठे बसलीय, तिच्याकडून काय दुवा पढवून आलायस आज? समालोचनकक्षात सोबत्याने विचारलं, काय म्हणाला तो? रमीझ राजाने वाक्य फार लांबलचक आहे, भाषांतर अवघड आहे, असं सांगून विषय टाळला. सरफराजवर चार सामन्यांची बंदी आली.

ते वाक्य पुन्हा वाचा. त्यात एकही शिवी नाही. बीपवाल्याने ते बिनबोभाट जाऊ दिलं असतं आणि विशाखापट्टणमच्या रोहितवर मात्र बटण दाबलं असतं. पहिल्याने एका माणसाच्या रंगावर आणि आईवर हात घातला, दुसऱ्याने आळशी पोरांना हाकललं. शब्दांची यादी हातात घेऊन चाळायला बसलं की चाळण नेमकी उलटी लागते.

याची सर्वांत विचित्र तऱ्हा 2008 च्या सिडनीत दिसली. हरभजन ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला 'मंकी' म्हणाला, असा आरोप. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे वर्णद्वेष सिद्ध झाला नाही. उरला साधा शिवराळपणा, त्याबद्दल अर्धं मानधन दंड. म्हणजे या खटल्यात शिवी हाच बचाव होता! 'मंकी' की आईवरची शिवी, याचा काथ्याकूट महिनाभर चालला, कारण माइकवर पुरेसं स्पष्ट काही आलं नव्हतं. दोन्ही बाजू आजही आपापलं सांगतात.

आणि फेब्रुवारी 2019, सेंट लुसिया. माइकवर इंग्लंडचा कर्णधार जो रूट याचं एकच वाक्य येतं: याचा शिवीसारखा वापर करू नकोस, समलिंगी असण्यात गैर काही नाही. समोर वेस्ट इंडिजचा गोलंदाज शॅनन गॅब्रिएल. तो काय म्हणाला ते माइकवर नाहीच, नंतर त्याच्याच निवेदनातून कळलं की "तुला मुलगे आवडतात का?" असं त्याने विचारलं होतं. इथेही शिवी शून्य. मानधनाचे 75 टक्के गेले, आचारसंहितेखालचे आधीचे दंडगुण धरून चार एकदिवसीय सामन्यांची बंदी. फेडर खाली असता तर बंदी कदाचित झालीही असती, पण रूटचं ते शांतपणे दिलेलं उत्तर कुणाच्या कानावर पडलं नसतं. मला विचाराल तर सोफ्यावरच्या नातवंडांनी ऐकावं असं स्टंप माइकवरचं वाक्य हे.

माइक उघडा असला की खेळाडू साधूसंत होतात असं नाही. 2021 च्या सिडनीत अश्विन-विहारी चिकटून उभे राहिल्यावर ऑस्ट्रेलियाचा कर्णधार टिम पेन याच्या तोंडून जे निघालं ते जगाने ऐकलं, दुसऱ्या दिवशी त्याने पत्रकारांपुढे येऊन माफी मागितली. 2022 च्या केपटाउनला तर दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार एल्गर डीआरएसमध्ये सुटल्यावर कोहली, राहुल, अश्विन माइकला उद्देशूनच बोलत होते, दक्षिण आफ्रिकेच्या प्रक्षेपकाला ऐकू जावं म्हणून. पण ऐकू आलं म्हणून जाब विचारता आला. 1981 च्या मेलबर्नमध्ये जाब विचारायला काही हाताशी नव्हतं.

राहता राहिली घरातली अडचण. त्यावर मेसेज ढकलण्यापेक्षा सरळ उपाय आहे. 2021 च्या केबल टीव्ही दुरुस्ती नियमांनुसार प्रेक्षकाने चॅनलकडे तक्रार केली तर 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निकाल द्यावा लागतो, समाधान झालं नाही तर वर आणखी दोन पायऱ्या आहेत. फक्त तक्रार नेमकी करा. थेट खेळात सुटलेल्या शब्दाची नको. तोच शब्द निवडून, कापून, लंचच्या वेळेत दोन जाहिरातींच्या मध्ये चौथ्यांदा दाखवला जातो, त्याची करा. तिथे कुणाची जीभ घसरलेली नसते.