शंभर वर्षांचा पूर : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का असलेला पूर. जुन्या नोंदींवरून काढलेला त्याचा आकडा आता भरवशाचा राहिलेला नाही, असे मी लेखात म्हटले होते. त्यावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की जुन्या नोंदींवरून काढलेले पुराचे अंदाज मोडीत काढण्याची मला घाई झाली आहे, हवामान प्रारूपांचे (पुढच्या हवामानाच्या संगणकी गणितांचे) आकडे त्याहून बेभरवशाचे आहेत, पाऊस वाढला म्हणून पूर वाढतोच असे नाही. आणि शेवटी, ‘ज्याने नदीचे पाणी कधी मोजले नाही, त्याने मेजावर बसून नोंदींना नावे ठेवू नयेत.’ मतभेदांचे मी स्वागतच करतो. हे शेवटचे वाक्य मात्र मतभेदात मोडत नाही.

लेखाचे शीर्षक भडक होते, हे मान्य. १९६० ते २०१० या काळात युरोपच्या वायव्य भागात पूर वाढले आणि दक्षिणेत व पूर्वेत घटले, तेव्हा पाऊस आणि पूर यांचे नाते सरळ नाही, हेही खरे; पण ते मी नाकारले कुठे?

आता पाणी मोजण्याविषयी. उमेदीची वर्षे मी नदीवरच्या मापन केंद्रांवर काढली आहेत. ऐन पुरात पुलावरून सोडलेला प्रवाहमापक खाली वजन लावूनही सरळ उतरत नाही. तार तिरपी होते, वाहून आलेले ओंडके तिला अडकतात आणि यंत्र वर ओढून घ्यावे लागते. मग हाती उरते ती केवळ पातळी. मापनपट्टीच बुडाली, तर तीसुद्धा पाणी ओसरल्यावर भिंतीवरच्या गाळाच्या रेषेवरून ठरवायची, आणि एरवीच्या प्रवाहांवर आखलेला पातळी-विसर्ग वक्र (कोणत्या पातळीला दर सेकंदाला किती पाणी वाहते, हे दाखवणारी रेषा) वर ताणून विसर्गाचा आकडा लिहायचा. नोंदवहीतले सर्वांत मोठे आकडे बहुधा असे आलेले असतात, आणि मोठ्या पुरांची शक्यता ज्या सूत्राने काढतात त्या गुंबेल वितरणाचे वरचे टोक नेमके त्यांच्याच आधाराने उभे असते. तीस-चाळीस वर्षांच्या नोंदींत असा एखादा आकडा धरला की वगळला, एवढ्यानेही शंभर वर्षांच्या पुराचे उत्तर हलते. मेजावर बसून हे कळत नाही, इतके आपले बरोबर आहे.

त्यावर पुन्हा गृहीतक असे, की दरवर्षीची चिठ्ठी एकाच पिशवीतून निघते, म्हणजे लहानमोठ्या पुरांच्या शक्यता काळानुसार बदलत नाहीत. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पिशवी तीच राहिली आहे, हे कोणत्या आधारावर मानायचे? हे गृहीतक आता मेले आहे, असे जलशास्त्रज्ञ मिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात लिहिले. त्यांनाही आपण हाच उपदेश करणार आहात काय?

प्रारूपांच्या अनिश्चिततेवर आपण बरेच लिहिले आहे. तो विषय मोठा आहे आणि त्यात मी येथे शिरत नाही. ‘निदान जुना आकडा तरी हातात आहे,’ या आपल्या समाधानापुरते एवढेच सांगतो : दरवर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर ३० वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते, आणि ती वार्षिक शक्यता प्रत्यक्षात २ टक्के झालेली असेल, तर सुमारे ४५ टक्के. पूररेषा जुन्याच आकड्यावर ठेवा म्हणणाऱ्याने या फरकाविषयी काहीतरी बोलणे आवश्यक होते. आपल्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत त्यावर एक ओळही नाही.