खोली क्रमांक २१४ : समुद्र नाही

काल सकाळी मी समुद्राच्या वतीने माफीनामा लिहून दिला. रिसॉर्टच्या लेटरहेडवर, खाली माझी सही, सहीखाली हुद्दा. 'आपल्या वास्तव्यात समुद्र अपेक्षित ठिकाणी उपलब्ध होऊ शकला नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' मॅनेजरसाहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, "'होऊ शकला नाही' काढ. समुद्राची बाजू घेतल्यासारखं वाटतं."

मी काढलं. 'उपलब्ध नव्हता' असं केलं. आता सगळा दोष समुद्रावर गेला, आणि समुद्राच्या वतीने सही माझी असल्यामुळे माझ्यावर.

मी समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये फ्रंट ऑफिसला आहे. सात वर्षं झाली. या कामाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की ते उभ्याने करायचं असतं आणि हसून करायचं असतं. आमच्याकडे माणसांना नावं नसतात, खोल्या असतात. 'एकशे नऊ पूलवर गेलेत', 'तीनशे दोनला ताप आलाय', असं आम्ही बोलतो. तर शनिवारी दुपारी पावणेतीन वाजता दोनशे चौदा आले, सपत्नीक. दहा मिनिटांत फोन.

"अहो, समुद्र कुठाय?"

"सर, बाल्कनीचा पडदा उघडून पाहिलात का?"

"उघडूनच विचारतोय!"

पाठोपाठ स्वतःच खाली आले. हातात मोबाइल, मोबाइलवर आमच्याच वेबसाइटवरचा फोटो. फोटोत निळंशार पाणी रिसॉर्टच्या पायऱ्यांना लागलेलं आहे. तो फोटो खोटा नाही. चांगल्या भरतीला, चांगल्या उजेडात, चांगल्या फोटोग्राफरकडून काढून घेतलेला आहे. लग्नासाठी दाखवायचा फोटो असतो तितपत खरा.

"हे काय आहे?" फोटोवर बोट.

"समुद्र, सर."

"आणि ते काय आहे?" काचेबाहेर बोट.

बाहेर लांबच लांब ओली वाळू, कलंडून पडलेली एक होडी, खेकड्यांची धावपळ, आणि पार टोकाला एक चंदेरी रेघ.

"तोही समुद्रच आहे, सर. ओहोटी लागलीये."

"ती रेघ आहे. तुम्ही माझ्याकडून सी-फेसिंग खोलीचे जास्तीचे पैसे घेतलेत. रेघ-फेसिंगचे नाही."

इथे मी चूक केली. मी समजावायला गेलो. प्रशिक्षणात आम्हाला पहिला धडा असतो: आधी माफी मागा, मग ऐकून घ्या, शेवटी गरज पडली तर माहिती द्या. मी थेट माहितीला हात घातला. म्हणालो, पाणी उतरायला साधारण सव्वासहा तास लागतात, चढायला तेवढेच.

"सहा तास? ऐन सीझनमध्ये? ही कामं तुम्ही रात्रीची का नाही काढत?"

"रात्रीही होतं, सर. दिवसातून दोनदा होतं. चंद्रामुळे."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या नावाच्या पट्टीकडे. "चंद्र कुठाय आत्ता?"

दुपारचे तीन. शनिवारी पौर्णिमा होती, म्हणजे चंद्र उगवायला अजून तीन तास होते. मी खरं ते सांगितलं, की आत्ता तो क्षितिजाखाली आहे.

"म्हणजे जो इथे नाहीच, त्याने, जो इथे असायला हवा, त्याला नेलं. असंच ना?"

वाक्य ऐकायला वेडगळ होतं, पण ढोबळमानाने बरोबर होतं. मला 'हो' म्हणावं लागलं.

आता खरं तर त्यांना हसू नये. १६३२ साली गॅलिलिओनेही भरती-ओहोटीत चंद्राचा हात असल्याचं साफ नाकारलं होतं. पृथ्वी फिरते म्हणून पाणी हिंदकळतं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि चंद्राकडे बोट दाखवल्याबद्दल तो खगोलशास्त्रज्ञ केप्लरवर नाराज होता. पण गॅलिलिओने रिफंड मागितला नव्हता.

एवढ्यात एकशे नऊ आले. एकशे नऊ म्हणजे सत्तरीपुढचे एक आजोबा. पूलमधून थेट बाहेर आलेले, कमरेला आमचा टॉवेल, डोक्यावर पोहण्याची रबरी टोपी, आणि लॉबीच्या फरशीवर त्यांच्यामागे ओल्या पावलांची रांग. हाउसकीपिंगच्या मावशी त्या रांगेच्या मागे मॉप घेऊन. आजोबांना कोणी बोलावलं नव्हतं. ते काउंटरला कोपर टेकून उभे राहिले, सगळं ऐकून घेतलं आणि साक्षीदारासारखे म्हणाले,

"आज सकाळपर्यंत होता. मी स्वतः पाहिलाय."

"किती वाजता?" दोनशे चौदा मोबाइलमध्ये टिपून घेऊ लागले.

"साडेआठ. पायऱ्यांपर्यंत होता. चांगला भरलेला."

"ऐका!" दोनशे चौदा मला म्हणाले. जणू मी समुद्र साडेआठनंतर विकून खाल्ला होता.

"प्रेशर किती आहे?" आजोबांनी मला विचारलं.

"कसलं, आजोबा?"

"तीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढलीत मी. सकाळी पाणी आहे, दुपारी नाही, रात्री परत आहे, याचा अर्थ सरळ आहे. कोणीतरी मध्येच ओढतंय." त्यांनी काउंटरवरचं एक कोरं रजिस्ट्रेशन कार्ड ओढलं, माझ्याच खिशातलं पेन काढलं आणि त्यावर किनारा काढला. किनाऱ्यावर आमचं रिसॉर्ट एक चौकोन, शेजारचं दुसरा चौकोन. दोन चौकोनांच्या मध्ये एक फुली. "इथे वॉल्व्ह बघा. बिल्डिंगमध्ये हेच होतं. खालच्या मजल्यावरचे मोटर लावतात, वरचे बोंबलत बसतात. शेजारच्यांकडे पूल आहे का?"

"आहे."

"किती मोठा?"

"आजोबा, पूल समुद्राच्या पाण्याने..."

"मोठाच असणार," दोनशे चौदा म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे समजून पाहिलं. पुढची पंधरा मिनिटं मी तिथे नव्हतोच. एकाने वॉल्व्ह कुठल्या बनावटीचा असेल ते सांगितलं, दुसऱ्याने रीतसर तक्रार कुणाकडे करावी ते. आजोबांच्या टोपीतून पाण्याचे थेंब कार्डावर पडले आणि त्यांनी काढलेला समुद्र पसरत पसरत दोन्ही रिसॉर्ट बुडवून गेला. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्या याच किनाऱ्यावर जन्मलेल्या. त्यांना घड्याळ न बघता पाणी कुठे असेल ते सांगता येतं. पण लॉबीत त्यांनी पाहुण्यांशी बोलायचं नाही, असा नियम आहे.

"आम्ही भूमध्य समुद्रावर जाऊन आलोय," दोनशे चौदांनी शेवटचा बाण काढला. "पाच दिवस होतो. तिथला समुद्र एकदाही जागचा हलला नाही."

आणि इथे माझी पंचाईत झाली, कारण हे खरं आहे. भूमध्य समुद्र जवळजवळ चारी बाजूंनी बंदिस्त. तिथे बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक काही वीत एवढाच असतो, पाहुण्याच्या ध्यानातही येत नाही. माणूस चुकीच्या निष्कर्षाला बरोबर पुरावा घेऊन आला की त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. कॅनडात फंडीचा उपसागर आहे, तिथे पाणी सोळा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. पुढच्या सुट्टीत यांना तिथे पाठवावं, असा एक विचार मनात चमकून गेला. तो मी हसून दाबला.

आम्हाला शिकवतात, पाहुणा म्हणजे अतिथी. पण अतिथी म्हणजे ज्याची यायची तिथी ठरलेली नाही तो. आमच्याकडचे अतिथी तीन महिने आधी तारीख ठरवून, कन्फर्मेशन नंबर घेऊन येतात. त्यांना तारीख पाठ असते, तिथी माहीत नसते. आणि समुद्र नेमका तिथीवर चालतो. आमच्या कॉम्प्युटरची तर आणखी वेगळीच तऱ्हा. तिथे दिवस रात्री बारा वाजता बदलत नाही, दिवसभराच्या हिशेबाचं नाइट ऑडिट उरकलं की बदलतो. रात्री दोनला आलेल्या माणसाला मी 'आज कालच आहे' असं सांगतो आणि तो माझं तोंड हुंगतो. पण समुद्राशी मी भांडत नाही, त्याचा मला हेवा वाटतो. तो रोज जवळपास पन्नास मिनिटं उशिरा कामावर येतो. एक दिवसही त्याचा खाडा मांडलेला नाही. मी परवा सात मिनिटं उशिरा पोचलो तर अर्धा दिवस कापला.

त्याच रात्री सव्वानऊला २१४ मधून फोन. भरती आली होती, पौर्णिमेची, उधाणाची. लाटा पायऱ्यांवर आपटत होत्या, वर चंद्र. बाहेर निम्मं रिसॉर्ट मोबाइल उंच धरून उभं होतं.

"अहो, बाहेर कसला आवाज चाललाय? टीव्ही ऐकू येत नाही."

"समुद्र आलाय, सर! बाल्कनीत या ना."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "आता रात्री काय करू त्याचं? कमी होईल का जरा?"

मी म्हणालो, अकरानंतर कमी होईल. अकरानंतर पाणी बरंच उतरलं. रविवारी सकाळी त्यांनी मला फोन करून 'थँक्यू' म्हटलं. सात वर्षांतलं हे माझं सर्वांत मोठं काम.

त्या दिवशी साडेनऊला पुन्हा पाणी पायऱ्यांशी होतं. हे दोघे अकराला उठले, नाश्ता बंद झाल्याची तक्रार नोंदवली, जेवून झोपले आणि चार वाजता बाल्कनीत येऊन रेघ पाहिली. तक्रार वहीत मी स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा लिहिलं: 'खोली क्रमांक २१४ : समुद्र नाही.' 'काय कारवाई केली' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. 'प्रतीक्षा' लिहिलं.

'ग्राहक कधीच चुकत नाही' हे वाक्य सेझार रिट्झ यांच्या नावावर सांगतात. हॉटेलच्या धंद्याचा तो मूळपुरुष. प्रशिक्षणात त्यांचा फोटो दाखवतात. पुढचं दाखवत नाहीत. १९०२ साली इंग्लंडच्या राजाचा राज्याभिषेक ऐन वेळी पुढे ढकलला गेला, कारण राजाच्या पोटाचं ऑपरेशन करावं लागलं. रिट्झ यांनी महिनोन्महिने केलेली मेजवान्यांची तयारी फुकट गेली आणि ते तिथेच कोसळले. त्यानंतर ते पूर्ण बरे असे झालेच नाहीत. ग्राहक चुकला नव्हता. पोट चुकलं होतं. पण भोगलं कुणी?

आर्ली हॉक्सचाइल्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या परिचारिकांचा अभ्यास केला आणि पगारासाठी चेहरा हसरा ठेवण्याच्या या कामाला १९८३ साली 'भावनिक श्रम' असं नाव दिलं. नाव मिळालं, भत्ता मिळाला नाही. दिवसभर ताणून धरलेले गाल रात्री उशीवरही सैल होत नाहीत. बायको विचारते, झोपेत हसतोस का? मी हसत नाही, ते तसेच राहून गेलेले असतात. आणि कुणाला वाटेल, चिडचिड समुद्राच्या तक्रारीची आहे. तसं नाही. तिची मजाच वाटते. राग याचा येतो, की त्या तीन दिवसांत एकदाही कुणी, ना दोनशे चौदांनी ना मॅनेजरसाहेबांनी, 'तुझं खरं आहे रे, पण' एवढं म्हटलं नाही. फक्त 'पण' म्हटलं.

तर सोमवारी सकाळी अकरा, चेक-आउट. दोनशे चौदांना लेखी माफी हवी होती. मी काउंटरवर लिहीत होतो, ते माझ्यासमोर, काचेकडे पाठ करून. आणि त्यांच्या पाठीमागे समुद्र. पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस पाणी आणखी चढतं, तसा तो शनिवारपेक्षा दोन पायऱ्या वर चढून आला होता. काचेवर तुषार उडत होते. मी लिहिलं, 'समुद्र उपलब्ध नव्हता', आणि तेवढ्यात एका लाटेने पायरीवर अशी थाप मारली की दोनशे चौदांनी मागे वळून पाहिलं.

बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता हसतील. आता कागद फाडतील.

"आता आलाय होय," ते म्हणाले. "बिल भरल्यावर." आणि कागद घडी करून खिशात घातला.

एकशे नऊ टॉवेलवर तिथेच होते. ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बघ. शेजाऱ्यांनी वॉल्व्ह सोडला."

आज सकाळी रिव्ह्यू आला. रिसॉर्टला चार तारे. 'समुद्र उत्तम, पण वेळा पाळत नाही. पाणीपुरवठ्यातल्या एका अनुभवी गृहस्थांचं मार्गदर्शन लाभलं. कर्मचारी उद्धट, पाहुण्यांना चंद्राविषयी शिकवतात.' मॅनेजरसाहेबांनी शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ मारून प्रिंट मला दिली. मी ती रेघ पाहिली. रेघ-फेसिंग.

दुपारी त्यांचंच नवं बुकिंग आलं. पुढच्या पौर्णिमेचं. 'विशेष विनंती'च्या चौकटीत दोन ओळी होत्या. पहिली, 'चौकशीअंती कळले की चंद्र पूर्ण असताना पाणीही पूर्ण असते, म्हणून हा दिवस निवडला आहे. तरी चेक-इनच्या वेळी समुद्र हजर ठेवावा.' दुसरी, 'मागच्या वेळचा माणूस काउंटरवर नको.'

मी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं. चंद्र त्याच जागी परत आला की पाण्याच्या वेळाही जवळपास त्याच परत येतात. त्या दिवशी पूर्ण ओहोटी, दुपारी तीनच्या सुमारास. आमचं चेक-इन दोनचं.

दुसरी विनंती मी तिथल्या तिथे मंजूर केली आणि त्या दिवसाची रजा टाकली. पहिलीपुढे लिहिलं, 'नोंद घेतली आहे.'